परतीचा शॉट

कात्री त्या दिवशी दुकानात गेली होती ती हेडफोनची वायर बदलून घ्यायला. काम किरकोळ होतं. दुरुस्तीवाला वायर जोडत बसला तोवर तिचे डोळे दुकानभर फिरले आणि कोपऱ्यात, बंद पडलेल्या पंख्यांच्या मागे, तिला कॅमेऱ्याचा एक स्टँड दिसला. तीन पाय ॲल्युमिनियमचे, पोचे पडलेले. वरची मान पितळी. मान फिरवायच्या दांड्याला चामडं गुंडाळलेलं होतं आणि ते एकाच जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. ज्या कुणाचा तो होता त्यानं तो वर्षानुवर्षं तिथंच धरला असणार.

"हा विकायचाय का?" तिनं विचारलं.

"न्यायचा तर न्या," दुरुस्तीवाला मान वर न करता म्हणाला. "मान जरा हट्टी आहे त्याची."

"कुणाचा होता?"

"डोंगराकडून मोडीचं सामान आलं होतं, त्यात आला."

"आणि मालक?"

दुरुस्तीवाल्यानं वायरीवर फुंकर मारली. "मालक नाही आला," तो म्हणाला.

कात्री हसली. तिला वाटलं, विकणाऱ्याची बोलायची तऱ्हा. तिनं स्टँड उचलला, बगलेत मारला आणि घरी आणला. भावासाठी.

तिचं खरं नाव कागदांवर असेल, पण धंद्यात तिला सगळे कात्रीच म्हणत. ती माहितीपटांची एडिटर होती, आणि तेही लांबच्या प्रवासांच्या माहितीपटांची. कुणी वाळवंट ओलांडून यायचं, कुणी नदीच्या मुखापासून उगमापर्यंत चालत जायचं, आणि त्या सगळ्यांचं ढीगभर फुटेज शेवटी तिच्या पुढ्यात यायचं. ते ती इतक्या निर्दयपणे कापायची की माणसं रडकुंडीला यायची, आणि मग पडद्यावर आपलीच फिल्म बघून तिच्या पाया पडायला तयार व्हायची. स्वतः तिनं मात्र खिडकीची जागा मिळाल्याशिवाय कधी साधा बसचा प्रवासही केला नव्हता. घराच्या वरच्या मजल्यावरची खोली, जाड काळे पडदे, दोन पडद्यांचा संगणक, एक फिरती खुर्ची आणि मागे भिंतीशी आईची कुरकुरणारी लाकडी खुर्ची, एवढंच तिचं जग. त्या खोलीत भर दुपारीही मिट्ट काळोख असे.

आणि तिचा धाकटा भाऊ म्हणजे बरोबर उलटं टोक. पायाला भिंगरी लागलेला. लहानपणापासून सगळे त्याला भिंगरीच म्हणत. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या फिल्मसाठी सामान वाहत हिंडला होता. आता पहिल्यांदा एका निर्मात्यानं त्याला स्वतःची फिल्म करायची संधी दिली होती. समुद्रापासून निघायचं, मैदानं ओलांडायची, वर्षातले बरेच महिने बर्फानं बंद असणाऱ्या उंच खिंडीतून डोंगर पार करायचा. सायकलवर. एकट्यानं. कॅमेराही आपला आपणच लावायचा.

"नाकापेक्षा मोती जड," स्टँड हातात तोलून बघत तो म्हणाला. "सायकलपेक्षा हाच मोठा दिसतोय."

"हलणार तरी नाही वाऱ्यात," कात्री म्हणाली. "आणि मला लांबचे शॉट हवेत. भरपूर."

"तुझं काय जातंय, ताई. बस इथं आणि उंटावरून शेळ्या हाक."

तो निघाला तेव्हा आई दारात उभी राहिली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं त्याची पाठ पाहिली आणि वळून गेल्यावरही बराच वेळ पाहत राहिली.

एकट्या माणसाच्या प्रवासाच्या फिल्मचं एक गुपित इथं सांगायला हवं. अफाट मैदान असतं, रस्ता सरळ जात असतो, आणि एक सायकलवाला आपल्याकडे पाठ करून लांब लांब जात ठिपका होतो. बघणारा उसासा टाकतो, केवढा हा एकटेपणा! पण हा शॉट घेतला कुणी, हे कुणी विचारत नाही. घेतलेला असतो त्यानंच. रस्त्याकडेला स्टँड लावायचा, कॅमेरा सुरू करायचा, ठिपका होईपर्यंत सायकल मारायची, थांबायचं, वळायचं, तेवढंच अंतर परत यायचं, कॅमेरा उचलायचा आणि तिसऱ्यांदा त्याच रस्त्यानं जायचं. चढ असला तरी तसंच. यातलं पहिलं जाणं फिल्ममध्ये येतं. परत येणं कात्रीच्या वाट्याला येतं, आणि ती ते कापते. आजवर तिनं अशी किती माणसं परतीच्या वाटेवर कापून टाकली होती त्याची गणती नव्हती.

भिंगरी वाटेत जिथं इंटरनेट मिळेल तिथून फुटेज पाठवत होता आणि ती लगोलग कापत होती. आई मागच्या खुर्चीत मटार सोलत बसायची. लेकाला बघायला मिळतं म्हणून यायची.

"अगं, हा नुसता जातोच आहे," एकदा ती वैतागली. "पाठच बघायची का मी पोराची? येतानाचा दाखव की."

"आई, येतानाचा दाखवला तर लोक म्हणतील, काय विसरला हा?"

"म्हणू देत. माझा जीव तरी भांड्यात पडेल."

दर शॉटच्या सुरुवातीला भिंगरी कॅमेऱ्यात डोकावून "आलोच हं" म्हणायचा, आणि तेही ती कापून टाकत होती.

मैदानातलं फुटेज उत्तम होतं. मग डोंगर दिसायला लागले.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपलेच डोळे थकलेत. भिंगरी कॅमेरा लावून निघाला, सायकल डावीकडे वळणावर गेली आणि चित्राच्या कडेतून निसटणार, तेवढ्यात कॅमेरा वळला. अगदी सावकाश. सायकलच्या मागोमाग, तिला बरोबर मधोमध ठेवून. मानेच्या पितळेची बारीकशी कुई ऐकू आली. सायकल थांबली तसा कॅमेराही थांबला.

कात्रीनं तो शॉट पुन्हा लावला. मग फोन उचलला.

"कोण आहे रे तुझ्याबरोबर?"

"कोण असणार? मी, सायकल आणि तुझा तो बोजा," भिंगरी म्हणाला. मागे वारा घोंघावत होता.

"कॅमेरा वळतोय तुझ्यामागे."

"मान सैल झाली असेल. पान्यानं आवळतो घट्ट."

त्यानं आवळली. पुढच्या फुटेजमध्ये कॅमेरा आणखी सफाईनं वळला.

आता तिला हे चांगलं कळत होतं की सैल मान एका अंगाला पडते. ती माणसाबरोबर चालत नाही, माणूस थबकला की थबकत नाही. हा कुणाचा तरी हात होता, आणि फार तयारीचा हात होता. भीती वाटायच्या आधी तिला कौतुक वाटलं. असा संथ, न डगमगणारा कॅमेरा तिनं उभ्या आयुष्यात दोन-चार वेळाच पाहिला होता. कौतुक ओसरलं आणि मग तिच्या अंगावर काटा आला. तिनं उठून पडदा सारला. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या घरात कुणी कपडे वाळत घालत होतं. तिनं तसंच उजेडात बसायचं ठरवलं, पण उजेडात पडद्यावरचं धड दिसेना. धंदा तो धंदा. तिनं पडदा पुन्हा ओढला.

"ओल्या चामड्याचा वास येतोय का गं?" मागून आई म्हणाली.

येत होता. भिजलेले बूट कोंदट जागी ठेवल्यावर येतो तसा. ते शॉट चालू असले की यायचा, बंद केले की जायचा. कात्रीनं आईला काही सांगितलं नाही.

पुढं मात्र कॅमेरा बिनसला. खिंडीच्या पायथ्याजवळचं फुटेज आलं त्यात भिंगरी नेहमीसारखा निघायचा, कॅमेरा थोडा वेळ त्याच्यामागे जायचा, आणि मग त्याला सोडून भलतीकडेच वळायचा. डावीकडे, वर, उघड्याबोडक्या उतारावर. तिथं जाऊन थांबायचा आणि खूप वेळ तिथंच राहायचा. भिंगरी परत येऊन कॅमेरा बंद करेपर्यंत. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण बॅटरी वाचवायची म्हणून तो घेतलेले शॉट बघतच नव्हता. कात्री चिडली. चांगले शॉट वाया जात होते. तिनं ते सगळे उचलून कचऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकले आणि त्याला निरोप धाडला: "खिंडीच्या तोंडाशी एक लांबचा घे. पाठमोरा. पार ठिपका होईपर्यंत जा. फिल्मचा शेवट तोच."

"जशी आज्ञा," त्याचं उत्तर आलं. "उद्या वर चढतो. आलोच हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो खिंडीखालच्या विश्रामगृहातून. वर वादळ आलं होतं, कुणाला अंदाज नव्हता. भिंगरी सकाळी गेला होता. तो पलीकडे पोचला नव्हता आणि मागेही आला नव्हता. बचाव पथक निघालं होतं.

मधल्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती. कात्रीनं तिला सांगितलं. आईनं हातातली घडी पुरी केली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तू सांगितलं होतंस ना त्याला, पार लांब जा म्हणून?"

वादळ सुरू होत असताना भिंगरी कॅमेरा लावून, तो तिथंच सोडून, फक्त तिला एक ठिपका हवा म्हणून पुढे सायकल मारत गेला होता. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती वर गेली आणि दार लावून काळोखात बसली. काहीतरी करायला हवं होतं, आणि तिला करता येत होतं ते एकच. तिनं शेवटचं फुटेज उघडलं.

भिंगरी पायथ्याशी निघाला. कॅमेरा त्याला सोडून डावीकडे वळला. तिनं दुसरा शॉट लावला. मग तिनं कचऱ्याचं फोल्डर उघडलं आणि टाकून दिलेले सगळे तुकडे एकामागून एक लावले. वेगवेगळ्या वळणांवरून, वेगवेगळ्या उंचीवरून घेतलेले. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. कॅमेरा भरकटत नव्हता. तो दर खेपेला वळून एकाच जागी थांबत होता. उतारावर, दातासारख्या पुढं आलेल्या एका कातळाखाली, एक काळा ठिपका होता. तिनं चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. रचलेले दगड दिसले. अर्धं ढासळलेलं छप्पर दिसलं. दार होतं.

ओल्या चामड्याचा वास आता इतका दाट झाला होता की तो अगदी खांद्याशी असल्यासारखा वाटत होता. ती वळली नाही. तिनं फोन लावला.

बचाव पथकाचा प्रमुख घाईत होता, पण सौम्य माणूस होता. "आम्ही रस्त्याच्या उजव्या अंगाला शोधतोय, ताई. सायकल तिकडं सापडली."

"डावीकडं बघा. पुढं आलेला कातळ आहे ना, त्याच्याखाली दगडाचं खोपट आहे."

"तिथं काही नाही. नकाशातही नाही."

"मी चित्रं पाठवते. ती बघा आणि मग नाही म्हणा."

तिनं पाठवली.

"हे... कुणी घेतलं?"

"माझ्या भावाच्या कॅमेऱ्यानं."

"ते कळलं हो. पण... धरला कुणी होता?"

"कुणी नाही. स्टँडवर होता."

"स्टँड असा थांबत नाही, ताई..."

"मला माहीत आहे," कात्री म्हणाली. "तुम्ही जा. तुमच्या पाया पडते, आधी तिकडं जा."

"निघालो," तो म्हणाला.

मग वाट बघणं आलं. ते सगळ्यांत वाईट. आई सवयीनं मटारची परडी घेऊन वर आली आणि आपल्या खुर्चीत बसली. कात्रीनं दिवा लावायला हात नेला तर आई म्हणाली, "नको. लाव ते."

"काय लावू?"

"येतानाचे. कापलेस ते सगळे. लाव."

कात्रीनं लावले. समुद्रकाठापासून पायथ्यापर्यंतचे, कापून टाकलेले सगळे परतीचे शॉट. लांबवर एक ठिपका. ठिपक्याचा सायकलवाला होतोय. सायकलवाल्याचा भिंगरी होतोय. घामेजलेला, धापा टाकणारा, कधी गाणं म्हणत, कधी चढाला शिव्या घालत, जवळ, आणखी जवळ, आणि मग हात पुढे करून चित्र काळं. पुन्हा ठिपका. पुन्हा येतोय. येतोय. येतोय. आई तोंडाला पदर लावून बघत होती. कात्रीला पहिल्यांदा दिसलं की आपला भाऊ येताना किती वेगळा दिसतो. जाताना तो फिल्ममधला कुणीतरी असायचा. येताना तो घरचा होता. तिला हुंदका आवरेना.

"हा कुणाकडं बघतोय गं?" आई हळूच म्हणाली. पडद्यावर डोंगरातला एक शॉट होता. भिंगरी येत होता, पण त्याची नजर कॅमेऱ्यावर नव्हती. कॅमेऱ्याच्या जरा वर, माणसाचा चेहरा असतो तिथं होती. तो कपाळाला आठ्या घालून बघत होता, ओळखीचं कुणी वाटावं पण नाव आठवू नये तसा.

कात्री काही बोलणार तोच फोन वाजला.

"सापडला!" पथकप्रमुख अक्षरशः ओरडत होता. मागे आणखी माणसं ओरडत होती, कुणी शिट्ट्या मारत होतं. "खोपटातच होता! जिवंत आहे, ताई! पाय मोडलाय, बोटं गारठलीत, पण शुद्धीवर आहे आणि खायला मागतोय!"

आईनं मटारची अख्खी परडी उधळली. ती मुद्दाम की हातून सुटली, कुणास ठाऊक. दोघी त्या काळोख्या खोलीत हिरव्या दाण्यांवर पाय घसरत एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मग कात्रीनं जाऊन सगळे पडदे भराभर उघडले.

इस्पितळात त्याला भेटल्यावर त्यानं जे सांगितलं ते असं. तो खिंडीच्या तोंडाशी कॅमेरा लावून पुढं गेला, आणि पांढरं वादळ अंगावर आलं. स्वतःचा हात दिसेना. सायकल कुठं पडली, कळलं नाही. त्यातच तो दगडावरून घसरला आणि पाय गेला. "पुढं सरपटत गेलो असतो तर संपलो असतो," तो म्हणाला. "पण डोक्यात एकच होतं. कॅमेरा घ्यायला परत जायचंय. सवयच ती. आणि वळलो तर कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला."

"वादळात? एवढासा दिवा?"

"दिसला म्हणतो ना. त्याच्याकडं सरपटत निघालो. जवळ गेलो की तो पुढं. पुन्हा जवळ गेलो की पुन्हा पुढं. मी शिव्या घातल्या त्याला, ताई. रडलो. पण सोडला नाही. आणि डोकं आपटलं ते खोपटाच्या दारावर." त्यानं उशीवर डोकं टेकलं. "कॅमेरा आत होता. कोपऱ्यात, स्टँडवर. मी तो खिंडीत लावला होता."

त्या खोपटावर गेली कित्येक वर्षं बर्फाचा कडा बसलेला होता आणि याच उन्हाळ्यात तो वितळला, असं पथकप्रमुखानं नंतर सांगितलं. आत माणसाची काही खूण नव्हती.

पाय जुळायला वेळ लागला. पण भिंगरीच तो. बरा झाल्यावर तो पुन्हा त्या खिंडीत गेला, जिथं प्रवास तुटला होता तिथूनच सायकल मारत डोंगर उतरला, पलीकडचा मुक्काम गाठला आणि मग म्हणाला, आता घरीही सायकलवरच येतो. स्टँड बरोबर होताच. कात्रीनं तो टाकून दे म्हटलं नाही. तिला तसं म्हणवेना.

निर्मात्याशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. "प्रेक्षकाला पुढं जाणारा माणूस हवा असतो," तो म्हणाला. "हा दर पाच मिनिटांनी परत येतोय!"

"येणारच," कात्री म्हणाली. "परत आला म्हणून जिवंत आहे. एकही कापणार नाही."

कात्रीनं कापायला नकार दिला, ही बातमी धंद्यात वाऱ्यासारखी पसरली. पुढं फिल्म लागली तेव्हा थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या परतीला लोक हसले, दुसऱ्यालाही हसले, आणि वादळानंतरच्या परतीला सगळं थिएटर उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. आई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होती, "येतानाचे दाखवा असं मीच म्हटलं होतं."

फिल्मचा शेवट तुम्हाला ठाऊक असेल. भिंगरी आपल्या गल्लीत शिरतो, दोन्हीकडं शेजारीपाजारी, गच्च्यांतून टाळ्या, आणि दारात आई. पण त्या शॉटचा पुढचा भाग फिल्ममध्ये नाही. तो फक्त कात्रीनं पाहिलाय.

त्या दिवसाचीच गोष्ट. तो शॉट तिनं स्वतः घेतला होता, आयुष्यात पहिल्यांदा. भिंगरीनं स्टँड आणि सामान शेवटच्या मुक्कामावरून गाडीनं पुढं धाडलं होतं. तिनं तो गल्लीच्या तोंडाशी लावला, दांडा धरला. झिजल्या जागी तिची बोटं नीट बसेनात. भिंगरी वळणावर दिसला, घंटी वाजवत, हात हवेत उंचावून, आणि गल्ली दणाणली. ती कसलं शूटिंग करते! तिनं दांडा सोडला आणि धावत सुटली. नंतर नुसता गोंधळ, रडणं, हसणं, आणि सगळी वरात घरात गेली. कॅमेऱ्याची आठवण तिला बऱ्याच वेळानं झाली.

"कॅमेरा तू आणलास ना आत?" तिनं भावाला विचारलं.

"मी? तू आणलास ना? जिन्याखाली ठेवलाय की, स्टँड घडी करून."

तिला राहवलं नाही. खाली पाहुण्यांचा कल्ला चालू असताना ती वर गेली, पडदे ओढले आणि शॉट लावला.

भिंगरी आला. ती स्वतः चित्रात धावत गेली. कॅमेरा तिच्या मागोमाग वळला, त्या संथ, तयारीच्या हातानं, आणि दोघा भावंडांच्या मिठीवर थांबला. सगळे आत गेले. गल्ली रिकामी झाली. कॅमेरा चालूच होता. उन्हातली रिकामी गल्ली, एक उडणारा कागद, लांबून येणारं घरातलं हसू.

मग पावलं वाजली. भिंगरी ज्या बाजूनं आला होता त्याच बाजूनं. चित्रात कुणी नव्हतं. जड, दमलेली पावलं, एकेक टाकत, जवळ... आणखी जवळ... कॅमेऱ्यापाशी येऊन थांबली. चित्र किंचित हललं आणि स्थिर झालं. कॅमेरा वळला, घराच्या दाराकडं. दारात आई आली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून कॅमेऱ्याच्या जरा वर पाहिलं आणि हसली.

"या ना," पडद्यावरची आई म्हणाली. "बाहेर का उभे? आत या."

चित्र काळं झालं.

दार ढकलून खरीखुरी आई आत आली, हातात चहाचा कप. "अगं, पाहुणे सोडून इथं काय बसलीस?"

"आई..." कात्रीनं काळ्या पडद्याकडं बोट केलं. "तू मघाशी दारात... कुणाला आत बोलावलंस?"

"त्याच्याबरोबरचा तो माणूस नाही का. फार बोलका नाही बिचारा, पण दमलेला दिसत होता. सामान त्यानंच आणून ठेवलं. म्हटलं बसा, तर त्यानं बोटानं वर दाखवलं. तुझी खोली विचारत असणार. नाही आला वर?"

"नाही..."

"मग असेल इथंच कुठंतरी," आई जिना उतरता उतरता म्हणाली. "बूट तर दारातच आहेत त्याचे. खाली एवढं पाणी साचलंय, पुसून घ्यायला हवं."

दार लोटलं गेलं. ओल्या चामड्याचा वास आला. मागे, भिंतीशी, आईच्या रिकाम्या खुर्चीनं कुरकुर केली, कुणी हळूच टेकावं तशी.

कात्री वळली नाही. तिला काय करायचं ते कळत होतं. तिनं परतीचे सगळे शॉट काढले, समुद्रापासून या दारापर्यंतचे, आणि पहिल्यापासून लावले.

"बसा," ती म्हणाली. "तुमचेच आहेत."